चार मतं कमी

१८ नोव्हेंबर १९९०, रविवारची रात्र. बीबीसीवर एक नवी मालिका सुरू झाली. पहिल्याच दृश्यात एक सुटाबुटातला, वय झालेला, अतिशय सभ्य दिसणारा गृहस्थ टेबलावरची मार्गारेट थॅचर यांची तसबीर हातात घेतो, तिच्याकडे निरखून पाहतो आणि ती पालथी ठेवून देतो. मग थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे वळून, कोणाचीच सत्ता कायम टिकत नाही अशा अर्थाचं काहीतरी हळहळल्यासारखं बोलतो. त्या रात्री खऱ्या थॅचर खऱ्या पंतप्रधान होत्या. दोनच दिवसांनी, मंगळवारी, त्यांच्या पक्षात नेतेपदासाठी मतदान झालं. गुरुवारी सकाळी त्यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं.

मालिकेचं नाव 'हाउस ऑफ कार्ड्स'. आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिली ती याच नावाची २०१३ची अमेरिकन मालिका. तिचं मूळ हे. या योगायोगामुळे मूळ मालिकेला भविष्यवाणीचं तेज चढलं, आणि आजही तिच्याबद्दल लिहिणारा प्रत्येक जण हा किस्सा सांगतो. मला मात्र हा योगायोग मालिकेच्या बाजूचा वाटत नाही, विरोधातला वाटतो. कारण त्या आठवड्यात थॅचर यांना ज्या गोष्टीने पाडलं, ती गोष्ट या मालिकेत जवळजवळ कुठेच नाही.

कॅमेऱ्याशी बोलणारा माणूस

आधी मालिकेचं श्रेय तिला देऊ. मायकेल डॉब्स यांची कादंबरी १९८९ची. डॉब्स हे बाहेरून डोकावणारे लेखक नव्हते. १९८६-८७मध्ये ते कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे चीफ ऑफ स्टाफ होते. पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो फ्रान्सिस अर्कर्ट हा सत्ताधारी पक्षाचा मुख्य प्रतोद, चीफ व्हिप. निवडणुकीनंतर मंत्रिपद मिळेल असा शब्द त्याला मिळालेला असतो. नवा पंतप्रधान तो पाळत नाही. पुढच्या चार भागांत अर्कर्ट त्या पंतप्रधानाला संपवतो, मग त्याच्या जागेसाठी उभ्या राहिलेल्यांना एकेक करून बाजूला करतो. कोणाचं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण बाहेर येतं, कोणाचा जुना भूतकाळ. पक्षाच्या प्रसिद्धी विभागाचा प्रमुख कोकेनच्या आहारी गेलेला असतो. त्याला वापरून घेऊन झाल्यावर त्याच्या कोकेनमध्ये विष मिसळलं जातं. शेवटी अर्कर्ट पंतप्रधान होतो.

हे सगळं इयान रिचर्डसन या शेक्सपिअरच्या नाटकांत मुरलेल्या नटाने अशा काही नजाकतीने केलंय की आपण खुनाचीही वाट बघू लागतो. तो अधूनमधून आपल्याकडे वळतो. भुवई जराशी वर जाते. पत्रकाराने प्रश्न विचारला की तो काहीच न सांगता सगळं सांगून टाकणारं एक ठरावीक वाक्य म्हणतो. ते वाक्य पुढे ब्रिटिश राजकारण्यांनी स्वतःच्या तोंडी उसनं घेतलं. हे वळून बोलणं 'तिसरा रिचर्ड' या नाटकातून आलेलं आहे, आणि त्याचा परिणामही तोच आहे: प्रेक्षक साक्षीदार राहत नाही, भागीदार होतो. खोलीतल्या सगळ्यांपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे, हा आनंद मोठा आहे. तो आनंद या मालिकेचा खरा माल आहे.

आणि नेमकी इथेच माझी तक्रार सुरू होते. हा आनंद मिळावा म्हणून मालिका राजकारणातली एक मोठी गोष्ट काढून टाकते. अर्कर्टला कधी मोजावं लागत नाही. प्रतोदाचं सगळं आयुष्य मोजण्यात जातं: आज किती जण सभागृहात आहेत, किती आजारी आहेत, किती रुसले आहेत, किती जण 'हो' म्हणतील आणि आत जाऊन उलटं मत देतील. अर्कर्टच्या जगात हा प्रश्नच उरत नाही, कारण समोरचा उमेदवारच शिल्लक राहत नाही. मतदान होतं, आकडे वाचले जातात, पण त्याआधीच आपल्याला कळलेलं असतं की निकाल एका माणसाच्या डोक्यात लागलेला आहे. मतदार, म्हणजे पक्षाचे शेकडो खासदार, हे पार्श्वभूमीला उभे असलेले कोट आहेत.

एक बारकावा इथे बोलका आहे. मूळ कादंबरीत शेवटी मरतो तो अर्कर्ट. मालिकेने शेवट उलटा केला: सगळं कळलेल्या मॅटी स्टोरिन या तरुण पत्रकाराला तो पार्लमेंटच्या गच्चीवरून खाली फेकून देतो. मालिका इतकी गाजली की डॉब्स यांनी पुढच्या कादंबऱ्या स्वतःच्या शेवटावरून न लिहिता मालिकेच्या शेवटावरून लिहिल्या. म्हणजे लेखकाने खलनायकाला शिक्षा दिली होती. प्रेक्षकांच्या प्रेमाने ती माफ केली. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) पत्रकार दिगू टिपणीसलाही सगळं कळतं. पण त्याला कोणी फेकत नाही. तो जिवंत राहतो आणि त्याचं डोकं फिरतं. मला हा शेवट जास्त भीतीदायक वाटतो, कारण त्यात दोष एका माणसावर टाकून मोकळं होता येत नाही.

२०४, १५२ आणि १६

आता त्याच आठवड्यातला खरा घटनाक्रम पाहू. १३ नोव्हेंबरला जेफ्री हाउ यांनी राजीनाम्यानंतरचं भाषण केलं. थॅचर यांच्या मंत्रिमंडळात सुरुवातीपासून असलेला, मवाळ आवाजात बोलणारा हा माणूस. युरोपबरोबरच्या वाटाघाटींबद्दल बोलताना त्यांनी क्रिकेटची उपमा दिली: सलामीचे फलंदाज मैदानात पाठवायचे आणि पहिला चेंडू पडतो तेव्हा त्यांना कळतं की संघाच्या कप्तानाने सामन्याआधीच बॅटी मोडून ठेवल्यात. दुसऱ्या दिवशी मायकेल हेसेल्टाइन यांनी थॅचर यांना आव्हान दिलं.

२० नोव्हेंबरला मतदान झालं. कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार ३७२. थॅचर २०४, हेसेल्टाइन १५२, बाकीचे १६ ना इकडचे ना तिकडचे. कोणीही म्हणेल की बाई जिंकल्या. पण पक्षाच्या नियमानुसार पहिल्या फेरीत जिंकायला नुसतं बहुमत पुरत नव्हतं. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारावर आघाडी हवी होती, आणि ती एकूण मतदारांच्या १५ टक्के. ३७२चे १५ टक्के म्हणजे ५५.८. खासदाराचे तुकडे होत नाहीत, तेव्हा ५६. थॅचर यांची आघाडी ५२. चार मतं कमी.

पण हे चार जण आणायला चार माणसं लागत नव्हती. हेसेल्टाइनकडचे दोन जण फुटले असते, तर २०६ आणि १५०, आघाडी बरोबर ५६. साडेअकरा वर्षांची कारकीर्द दोन माणसांवर अडली. मतदान झालं तेव्हा थॅचर लंडनमध्येही नव्हत्या, पॅरिसला शिखर परिषदेत होत्या. मोहिमेची धुरा ज्यांच्याकडे होती, त्या पीटर मॉरिसन यांचा हिशेब त्यांना भरपूर मतं आहेत असं सांगत होता. परतल्यावर थॅचर यांनी आपल्या मंत्र्यांना एकेकटं बोलावून विचारलं. बहुतेकांनी साधारण एकच सांगितलं: मी तुमच्याबरोबर आहे, पण तुम्ही जिंकणार नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादी मोठी यंत्रणा मध्यरात्री कोसळते तेव्हा दुसऱ्या दिवशी कारण शोधायची बैठक होते. त्या बैठकीत क्वचितच एखादा खलनायक सापडतो. सापडते ती बहुधा एक अट. कोणीतरी फार पूर्वी, वेगळ्याच कारणासाठी लिहिलेली 'इतक्यापेक्षा जास्त असेल तरच' अशी एक ओळ. थॅचर यांच्या बाबतीतली ती ओळ कधी लिहिली गेली हे बघितलं की गोष्ट आणखी रंगते.

१९६५पर्यंत कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात नेत्याची निवडणूकच होत नसे. ज्येष्ठ मंडळी आपसात चाचपणी करत आणि नेता 'उगवत' असे. १९६५मध्ये एडवर्ड हीथ हे पहिले निवडून आलेले नेते. पण एकदा निवडलेल्या नेत्याला काढायचं कसं, हे नियमांत नव्हतं. १९७४मध्ये हीथ दोन निवडणुका हरले आणि तरी हटेनात, तेव्हा माजी पंतप्रधान ॲलेक डग्लस-ह्यूम यांच्या समितीने विद्यमान नेत्यालाही आव्हान देता येईल असा नियम केला. त्याच नियमाचा फायदा घेऊन फेब्रुवारी १९७५मध्ये एक फारशी कोणी न मोजलेली माजी शिक्षणमंत्री हीथ यांच्याविरुद्ध उभी राहिली आणि पहिल्या फेरीत १३० विरुद्ध ११९ मतांनी पुढे गेली. तीच ही मार्गारेट थॅचर. ज्या दारातून त्या आत आल्या, त्याच दारातून पंधरा वर्षांनी बाहेर गेल्या.

यात व्यक्तींना काहीच जागा नाही असं नाही. १९७५मध्ये थॅचर यांची मोहीम एअरी नीव्ह सांभाळत होते. त्यांनी मुद्दाम आपल्याकडची मतं कमी असल्याचं पसरवलं, म्हणजे हीथ यांना नुसता चिमटा काढू इच्छिणारे खासदारही 'बाई काही निवडून येत नाहीत' या भरवशावर त्यांना मत देतील. तसंच झालं. १९९०मध्ये मॉरिसन यांनी मतं जास्त आहेत असं मानलं आणि ज्यांना नुसता चिमटा काढायचा होता, ते या वेळी पलीकडे गेले. उमेदवार तीच, खेळही साधारण तोच. एकाने आकडा खाली दाखवला, दुसऱ्याने वर पाहिला. याला मी राजकीय डावपेच म्हणेन. त्यात विष नाही, गच्ची नाही. आणि अर्कर्टच्या सगळ्या कारस्थानांपेक्षा तो जास्त चतुर आहे.

दुसरं प्रतोद कार्यालय

हे सगळं नाटकात मावतच नाही, लोकांना चेहरा लागतो, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून जेम्स ग्रॅहम यांचं 'धिस हाउस' हे नाटक पुढे ठेवतो. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये ते २०१२ला आलं. २०२०च्या मे महिन्यात, सगळे घरात बंद असताना, नॅशनल थिएटरने त्याचं चित्रीकरण यूट्यूबवर फुकट दाखवलं. मी ते तेव्हा फोनवर, दोन रात्रींत पाहिलं.

हेही प्रतोदांचंच नाटक. पण काळ १९७४ ते १९७९. मजूर पक्षाचं सरकार आधी अल्पमतात, मग ऑक्टोबर १९७४च्या निवडणुकीनंतर तीन जागांच्या बहुमतावर, आणि पोटनिवडणुकांत तेही गेलेलं. रंगमंचावर दोन खोल्या: सरकारी प्रतोदांची आणि विरोधी प्रतोदांची. पंतप्रधान दिसत नाहीत, थॅचर दिसत नाहीत. मोठी माणसं कायम भिंतीच्या पलीकडे. खासदारांची ओळख नावाने नाही, मतदारसंघाच्या नावाने करून दिली जाते, आणि बघता बघता आपल्यालाही सवय लागते: हा माणूस कोण, हे गौण, तो एक मत आहे.

इथे सगळे सतत मोजत असतात. आजारी खासदारांना रुग्णवाहिकेतून आणलं जातं. पार्लमेंटच्या आवारात पोचलेला आणि जिवंत असलेला खासदार आत चालत जाऊ शकत नसला, तरी त्याचं मत धरता येतं, असा संकेत. दुसरा संकेत म्हणजे 'पेअरिंग': तुमचा एक जण येऊ शकत नसेल तर आमचाही एक जण मत देणार नाही, बेरीज तीच राहील. हे कुठल्याही कायद्यात नाही. दोन प्रतिस्पर्धी प्रतोदांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर ते चालतं. १९७६मध्ये जहाज आणि विमान बांधणीच्या राष्ट्रीयीकरणाच्या विधेयकावर सरकार एका मताने वाचलं, विरोधकांनी शब्द मोडल्याचा आरोप केला, हेसेल्टाइन (तेच, तरुणपणीचे) सभागृहातला राजदंड उचलून पुढे सरसावले, आणि पेअरिंग बंद पडलं. त्यानंतर प्रत्येक रात्र ही हजेरीची रात्र झाली.

मराठीतला 'प्रतोद' म्हणजे जनावर हाकायचा आसूड. इंग्रजीतला 'व्हिप'ही शिकारी कुत्र्यांचा कळप एकत्र ठेवणाऱ्या माणसावरून आलेला. दोन्ही भाषांत शब्द मारण्याचा आहे. 'धिस हाउस' बघताना लक्षात येतं की हे काम प्रत्यक्षात मारण्याचं कमी आणि विचारपूस करण्याचं जास्त आहे. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोण पितो, कोणाला कुठली समिती हवी आहे. आपल्याकडे १९८५पासून दहाव्या परिशिष्टामुळे व्हिप मोडला तर आमदारकी-खासदारकी जाऊ शकते. म्हणून २०२२नंतर महाराष्ट्रात 'व्हिप कोणाचा' हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असं न्यायालयाने मे २०२३मध्ये सांगितलं. ब्रिटनमध्ये व्हिप मोडला तर पक्ष तुम्हाला बाहेर काढू शकतो, जागा मात्र तुमचीच राहते. सप्टेंबर २०१९मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ब्रेक्झिटवरून एका रात्रीत स्वतःच्या २१ खासदारांना पक्षाबाहेर काढलं, त्यांत चर्चिलचे नातू निकोलस सोम्स होते. सगळे खासदार म्हणून बसूनच राहिले. ज्या व्यवस्थेत आसुडाने जागा जात नाही, तिथे माणसं सांभाळावी लागतात.

नाटकाचा कळस म्हणजे २८ मार्च १९७९ची रात्र. सरकारवरचा अविश्वास ठराव. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन मृत्युशय्येवर होते. सरकारचे उपमुख्य प्रतोद वॉल्टर हॅरिसन विरोधी उपमुख्य प्रतोद बर्नार्ड वेदरिल यांच्याकडे गेले आणि जुना शब्द आठवून दिला. वेदरिल म्हणाले, अविश्वास ठरावाला पेअरिंग कधीच नव्हतं, आणि आज मत न देणारा एकही माणूस मला मिळणार नाही. मग म्हणाले, पण शब्द दिला होता, तेव्हा मीच मत देत नाही. त्यांची कारकीर्द तिथेच संपली असती. हॅरिसन यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांना शब्दातून मोकळं केलं. ब्रॉटन यांना मरणाच्या दारातून आणायचं नाही, असं पंतप्रधान कॅलहन यांनी ठरवलं होतं. ठराव ३११ विरुद्ध ३१० असा मंजूर झाला. सरकार गेलं, थॅचर आल्या, पुढची अठरा वर्षं मजूर पक्ष सत्तेत नव्हता. ब्रॉटन काही दिवसांतच वारले.

हे वेदरिल मूळचे शिंपी घराण्यातले. खिशात कायम शिंप्याचं अंगुस्तान बाळगत, आपण कुठून आलो याची आठवण म्हणून. दुसऱ्या महायुद्धात ते भारतीय सैन्यात होते, आणि बंगालचा दुष्काळ पाहून शाकाहारी झाले, ते कायमचे. पुढे ते सभागृहाचे अध्यक्षही झाले. अर्कर्टसारखं पात्र रचायला कल्पनाशक्ती लागते हे खरं, पण वेदरिल कोणी रचला असता तर आपणच म्हटलं असतं, असं कुठे असतं का?

'धिस हाउस'लाही मी निर्दोष म्हणणार नाही. या नाटकाला जुन्या सभ्यतेचा जरा जास्त लळा आहे. रात्र रात्र मोजणी चालते, पण ती कशासाठी, त्या कायद्यांनी बाहेरच्या माणसांचं काय होणार होतं, हे नाटक फार विचारत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज, संप, महागाई हे सगळं भिंतीपलीकडच्या गोंगाटासारखं येऊन जातं. आणि शेवटच्या त्या उदार क्षणाबद्दलही एक प्रश्न उरतोच: दोन भल्या माणसांनी एकमेकांचा मान राखला, त्याची किंमत कोणी मोजली? वेदरिल यांनी मत दिलं नसतं तर ३१०-३१० झालं असतं, आणि प्रथेप्रमाणे अध्यक्षांचं निर्णायक मत ठरावाच्या विरोधात गेलं असतं. हॅरिसन यांचा तो निर्णय थोर होता की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण नाटक मला हा प्रश्न तरी देतं. 'हाउस ऑफ कार्ड्स' मला फक्त टाळी देते.

मत कोणाचं?

दोन्ही कलाकृती जिथे थांबतात, तिथून पुढची गोष्ट अजून कोणी नीट लिहिलेली नाही, असं मला वाटतं. दोन्हींत मतदार एकच आहे: खासदार. गेल्या चाळीसएक वर्षांत ब्रिटिश पक्षांतली सगळ्यात मोठी उलथापालथ ही की नेता निवडणारा मतदारच बदलला.

कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने १९९८मध्ये नियम बदलला: खासदारांनी शेवटचे दोन उमेदवार काढायचे, आणि त्यातला एक देशभरच्या पक्षसदस्यांनी निवडायचा. २००१मध्ये खासदारांच्या शेवटच्या फेरीत केनेथ क्लार्क ५९, इयान डंकन स्मिथ ५४, मायकेल पोर्टिलो ५३. एका मताने पोर्टिलो बाहेर. सदस्यांनी डंकन स्मिथ यांना ६१ टक्के मतं दिली. दोन वर्षांनी खासदारांनीच त्यांना ९० विरुद्ध ७५ मतांनी काढून टाकलं. २०२२मध्ये पुन्हा तेच: शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३, मॉर्डंट १०५. सदस्यांनी लिझ ट्रस यांना ८१,३२६ आणि ऋषी सुनक यांना ६०,३९९ मतं दिली. ट्रस पंतप्रधान झाल्या आणि ४९ दिवसांत गेल्या. दोन्ही वेळा जिंकलेल्या नेत्याला स्वतःच्या एक तृतीयांश खासदारांचीही पहिली पसंती नव्हती.

आमच्या भाषेत सांगायचं तर इथे नेमायची परवानगी एका गटाला आहे आणि काढायची दुसऱ्याच गटाला. असं डिझाइन कोणी आढाव्यासाठी पाठवलं तर पहिला शेरा हाच पडेल की हे दोघे भांडणार. आणि भांडले. १९ ऑक्टोबर २०२२च्या रात्री फ्रॅकिंगवरच्या मतदानात हे विश्वासमत आहे की नाही हेच सरकारला सांगता येईना. मुख्य प्रतोद वेंडी मॉर्टन यांनी राजीनामा दिला की नाही हे काही तास कोणालाच कळेना. दुसऱ्या दिवशी ट्रस यांनी पायउतार होत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी जॉन्सन यांचं सरकार ज्या प्रकरणावरून कोसळलं, त्याच्या केंद्रस्थानी क्रिस पिंचर होते, आणि तेही उपमुख्य प्रतोद. पण त्यांचं प्रकरण अर्कर्टच्या थाटाचं नव्हतं. मद्यधुंद अवस्थेतल्या वर्तनाचे आरोप, आणि पंतप्रधानांना आधी काय माहीत होतं यावर बदलत गेलेली उत्तरं. खऱ्या प्रतोद कार्यालयातून सरकार पडलं ते कारस्थानाने नाही, ढिसाळपणाने.

मजूर पक्षाची कथा याहून गुंतागुंतीची. १९८०पर्यंत तिथेही खासदारच नेता निवडत. १९८१मध्ये कामगार संघटना ४० टक्के, खासदार ३० आणि मतदारसंघांतल्या शाखा ३० अशी वाटणी झाली. पुढे तिघांना समान वाटा मिळाला. २०१०मध्ये डेव्हिड मिलिबंड खासदारांत पुढे होते, सदस्यांतही पुढे होते, आणि तरी धाकटे भाऊ एड संघटनांच्या मतांवर ५०.६५ टक्के मिळवून जिंकले. मग २०१४मध्ये 'एक माणूस, एक मत' आलं, आणि तीन पौंड भरून कोणालाही मतदार होता येऊ लागलं. उमेदवारीसाठी ३५ खासदारांच्या सह्या लागत. २०१५मध्ये जेरेमी कॉर्बिन यांना अगदी शेवटच्या मिनिटांत ३६ मिळाल्या. त्यांतल्या काहींनी तर चर्चा व्यापक व्हावी म्हणून सही दिली होती, मत द्यायचा त्यांचा विचार नव्हता. कॉर्बिन पहिल्याच फेरीत ५९.५ टक्के मतांनी जिंकले.

पुढच्या वर्षी खासदारांनी त्यांच्यावर १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. पण मजूर पक्षाच्या नियमांत अशा ठरावाने नेता जात नव्हता. मग प्रश्न आला: नव्या निवडणुकीत विद्यमान नेत्यालाही खासदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतील का? नियमातलं वाक्य दोन्ही बाजूंनी वाचता येत होतं. राष्ट्रीय कार्यकारिणीने १८ विरुद्ध १४ मतांनी ठरवलं की नाही लागणार. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथेही तोच अर्थ टिकला. कॉर्बिन ६१.८ टक्क्यांनी पुन्हा जिंकले. एका पक्षाचं भवितव्य एका संदिग्ध वाक्याच्या अर्थावर ठरलं. २०२१मध्ये पक्षाने उमेदवारीसाठी २० टक्के खासदारांच्या सह्या हव्यात असा नियम केला. ज्या फटीतून कॉर्बिन आत आले होते, ती फट बुजवली गेली. त्या दुरुस्तीवर कोणी मालिका काढणार नाही. पण पुढच्या कितीतरी नेत्यांचा जन्म तिथेच थांबला असेल.

चाणक्य कोण?

आता हे सगळं पुण्यात किंवा नाशिकमध्ये फोनवर वाचणाऱ्याला कशाला हवं? कारण आपल्यालाही अर्कर्ट फार आवडतो. आपण त्याला 'चाणक्य' म्हणतो. कोणाचं सरकार पडलं, कोणाचा पक्ष फुटला की संध्याकाळपर्यंत बातम्यांत एक चाणक्य जाहीर होतो, त्याच्या जुन्या डावांच्या रील येतात, मागे पार्श्वसंगीत. आपण ते फॉरवर्ड करतो आणि तोच अर्कर्टवाला आनंद मिळतो, की आतली गोष्ट आपल्याला कळली. डाव टाकणाऱ्याचं कौतुक करता करता, आपलं मत त्या डावात कुठे होतं, हे विचारायचं राहून जातं.

खलनायकाच्या गोष्टीत प्रेक्षकाला काही करायचं नसतं. तो दुष्ट आहे, तो हुशार आहे, संपलं. नियमाची गोष्ट कंटाळवाणी असते, पण तिच्यात विचारता येण्याजोगे प्रश्न असतात. आमच्या पक्षाचा अध्यक्ष कोण निवडतं? त्याला कोण काढू शकतं? किती सह्या लागतात, त्या कोणाच्या? पक्षाची घटना कुठे वाचायला मिळते? ब्रिटनमध्ये या प्रश्नांची उत्तरं वाईट असतील, ८१ हजार लोकांनी जवळजवळ सात कोटींचा पंतप्रधान ठरवला असेल, पण उत्तरं छापील आहेत आणि आकडे मोजता येतात. म्हणून तिथला टीकाकार म्हणू शकतो की चूक अमुक ओळीत आहे. आपल्याकडे चूक कायम अमुक माणसात असते.

'हाउस ऑफ कार्ड्स' जरूर बघा. रिचर्डसनसाठी बघाच. फक्त तो कॅमेऱ्याकडे वळून तुम्हाला विश्वासात घेऊ लागला की त्याच्या खांद्यामागे बघा. तिथे कोट घातलेले काही शे लोक उभे आहेत. त्यांच्या हातात एकेक मतपत्रिका आहे, आणि मालिकेने त्यांना एकही ओळ दिलेली नाही. १९९०च्या त्या मंगळवारी निकाल त्यांनीच लावला होता. अर्कर्टच्या आवाजात दोन दिवस रंगलेल्या ब्रिटनला तो कळला तेव्हा आकडा एवढासाच होता: चार मतं कमी.